उंच डोंगरावरचा बेडूक ‘नवीन प्रजाती’ आहे हे नक्की ठरवतात कसं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, बेडकांचा. माझी पुतणी इथंच कोल्हापुरात बीएस्सी झूलॉजी करतेय, शेवटचं वर्ष, आणि तिनं घरात जाहीर करून टाकलंय की पुढं बेडकांवरच काम करणार. आमच्या वहिनींचा एकच प्रश्न, लग्नाच्या बायोडाटात हे लिहायचं कसं. ते असू दे.

परवा जेवताना ती सांगत होती की केरळात आनाईमुडी शिखरावर, म्हणजे २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर, तिथं एक नारिंगी-लालसर बेडूक मिळाला आणि २०१० साली त्याला नवीन प्रजाती म्हणून नाव दिलं, राओरचेस्टिस रेस्प्लेंडेन्स. मी आपला साधा हार्डवेअरच्या दुकानातला माणूस, मला काही गोष्टी कळल्याच नाहीत आणि पुतणीला विचारलं तर ती लेक्चर देते, म्हणून इथं विचारतोय. एक तर हा नवीन आहे हे कळतं कसं, सगळे बेडूक सारखेच तर दिसतात. दुसरं, एवढ्या उंचावर थंडीत बेडूक जगतो कसा आणि तो त्याच शिखरावर का, शेजारच्या डोंगरावर का नाही. आणि तिसरं म्हणजे नाव द्यायला त्याला मारावंच लागतं म्हणे, ते खरं का? हे ऐकून आईनं तिला दोन दिवस बोलणं टाकलंय, आमच्याकडं माळकरी घर आहे.

शिवाय गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याला एका दगडी कठड्यावर मी एका बारक्या बेडकाचा फोटो काढलाय, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा असेल. अ‍ॅपमध्ये टाकला तर दरवेळी वेगळंच नाव देतंय. नवीन असला तर नाव माझं द्या 😄

सडाफटिंग

आधी पुतणीला शाबासकी द्या, बायोडाटाचं नंतर बघू.

बेडूक सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो. खरी हमाली नंतर चालू होते, कारण आजवर ज्यांना नावं दिलीत त्यातला हा कुठलाच नाही हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी त्या वंशातल्या प्रत्येक नाव असलेल्या बेडकाशी तो ताडून बघावा लागतो. ताडायचं म्हणजे गुगलच्या फोटोशी नाही, मूळ लेखातल्या वर्णनाशी आणि जमलं तर त्या मूळ नमुन्याशी, जो कुठंतरी बरणीत बसलेला असतो, कोलकात्याला झेडएसआयमध्ये (सरकारची प्राणी सर्वेक्षण संस्था) नाहीतर मुंबईत बीएनएचएसला (तिथली जुनी निसर्ग-अभ्यास संस्था), नाहीतर थेट लंडनच्या म्युझियममध्ये, कारण इंग्रजांच्या काळातलं बरंच काही तिकडंच गेलंय.

मग मापं. डिजिटल व्हर्नियर घेऊन नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, डोळा केवढा, कानाचा पडदा दिसतो का आणि केवढा, मांडी, पोटरी, एकेक बोट, बोटांच्या टोकाला चकत्या आहेत का, मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा कुठल्या पेरापर्यंत येतो. एका बेडकाची मापं घेऊन चालत नाही, नर वेगळे माद्या वेगळ्या, कारण बऱ्याच जातींत मादी मोठी असते आणि ते माहीत नसलं तर एकाच जातीच्या नवराबायकोला दोन प्रजाती करून टाकाल. असं पूर्वी झालेलंही आहे.

त्यानंतर आवाज, आणि माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा हाच. पावसाळ्यात नर ओरडतो ते मादीला बोलवायला, आणि मादी आपल्याच जातीच्या आवाजाला येते, म्हणजे कोण कुठल्या जातीचं हे बेडकांनी आपापसात आधीच ठरवलेलं असतं. दिसायला हुबेहूब दोन झुडपी बेडूक, एक ‘टिक… टिक…’ असं सुटं सुटं वाजवतो आणि दुसरा सलग खरखर करतो. रेकॉर्डिंग करून कॉम्प्युटरवर त्याचा आलेख काढतात, किती हर्ट्झ, एका हाकेत किती ठोके. यात गोम अशी की हवेचं तापमान लिहून ठेवावंच लागतं, थंड रक्ताचा प्राणी, गारठा वाढला की त्याच नराचे ठोके संथ होतात, आणि उंच डोंगरावर संध्याकाळी आणि मध्यरात्री तापमानात केवढा फरक पडतो ते जाऊन आलेल्यांना माहीत आहे.

शेवटी डीएनए. बेडकांत बहुतेक १६एस नावाचा जीनचा तुकडा वाचतात. साधारण तीन टक्क्यांच्या वर फरक निघाला तर कान टवकारायचे, असा एक अंदाज लोक वापरतात. पण तो कायदा नाही, नुसत्या टक्क्यावर नवीन प्रजाती काढणाऱ्यांना माझा सलामच आहे, लांबून.

आता आनाईमुडीचा बेडूक. तो ज्या गटातला त्यातले बहुतेक झुडपांवर चढून बसणारे, लांब पायांचे. हा मात्र जमिनीवर राहतो, पाय आखूड, उड्या मारायच्या ऐवजी रांगल्यासारखा चालतो, अंगावर मोठमोठ्या ग्रंथींचे उंचवटे आणि रंग असा की गवतात पेटल्यासारखा दिसावा. पाण्याचं डबकं याला लागतच नाही. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी ओलाव्यात अंडी घालतात आणि अंड्यातून टॅडपोल, म्हणजे पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू, न निघता थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो. या गटातल्या सगळ्यांचंच असं असतं. म्हणून शिखरावर ओढा नसला तरी चालतं, धुकं आणि पाऊस पुरतो.

शेजारच्या डोंगरावर का नाही, तर तिथं जायचं म्हणजे दरीत उतरावं लागणार, आणि दरी त्याच्यासाठी गरम आणि कोरडी. वरचा थंड पट्टा म्हणजे त्याचं बेट. हजारो-लाखो वर्षं असं अडकून राहिलं की प्रत्येक बेटावरचे बेडूक आपापल्या वाटेनं बदलत जातात. दक्षिणेकडं पालघाटची खिंड तर तीसेक किलोमीटर रुंद आहे, तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे बेडूक कितीतरी बाबतीत वेगळे निघतात ते यामुळंच.

फोटोबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण वरून काढलेल्या एका फोटोवरून या बारक्यांमध्ये कोणीच छातीठोक सांगणार नाही. बाजूनं, पोटाकडून आणि मागच्या पायाच्या बोटांचा असे फोटो असते तर निदान अंदाज केला असता.

आजरा_घनसाळ

सडाफटिंगराव लई भारी लिवलंय. पण एक इचारतो, सगळं शिखरावरच का हुडकत बसत्यात? आमच्या खाचरात चिखलगुट्टा चालू झाला की पायाखाली इतकं बेडूक की पाय कुठं टाकावा कळत न्हाई. बारकं करडं, पाठीवर मधोमध पट्टा असलेलं, बिनपट्ट्याचं, चार-पाच तऱ्हा तर मीच दाखवतो. आणि पयला पाऊस पडला की ते मोठं पिवळंजर्द नर डबक्यात गोळा हुत्यात, तो दंगा रातभर. ह्यांची सगळ्यांची नावं लागल्यात का?

सडाफटिंग

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मोठ्या पिवळ्याचं नाव केव्हाच लागलंय, तो तर भारतभर आहे. पण पाठीवर पट्टा असलेल्या त्या करड्या बारक्यांचा घोळ शंभर वर्षं चालू होता. अख्ख्या देशातल्या भातखाचरातल्या असल्या बेडकांना एकच नाव ठोकून द्यायचे, लिम्नोकॅरिस, आणि तो मुळात जावा बेटावरचा. कोणी आवाज नीट ऐकले नव्हते आणि डीएनए तेव्हा नव्हताच. आता सोडवायला घेतल्यावर त्यातून एकेक वेगळा निघतोय. २०१७ मध्ये त्यांच्याच वंशातला एक, मिनर्वार्या सेप्फी, आंबोलीतूनच नोंदवला गेला. म्हणजे तुमच्यापासून घाट उतरायच्या आतच.

उंचीचं म्हणाल तर महाराष्ट्रात कळसूबाईच १६४६ मीटर, आनाईमुडीसारखा थंड पट्टा आपल्याकडं नाहीच. आपल्याकडं बेटं आहेत ती सड्यांची. जांभ्याचं उघडं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं आणि जूनमध्ये जागोजागी पाणी साठणारं. आंबोलीचा तो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा टोड, झँथोफ्रिन टायग्रिना, २००९ साली नाव मिळालं, तो असल्याच खडकांवरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो. त्याचा भाऊबंद कोयनेला, त्याचं वर्णन १९६३ चं. या अख्ख्या वंशात हे दोघंच आणि दोघंही आपल्याच सह्याद्रीत, दुसरीकडं जगात कुठं नाहीत. आंबोलीचाच इंडिराना चिरावासी २०१४ चा. त्यामुळं पुतणीनं केरळला जायची घाई करू नये, राधानगरी-दाजीपूर पायाखाली आहे.

ताराराणी_चौक

मला यातला एक भाग पटत नाही. दरवर्षी पेपरात येतं, पश्चिम घाटात सात नवे बेडूक, अमुक नवे बेडूक. एवढे नवीन येतात कुठून? मला तर वाटतं एकाच बेडकाचे तुकडे पाडून पेपर छापायचा उद्योग आहे हा. पब्लिश करा नाहीतर घरी जा, असं असल्यावर होणारच.

सडाफटिंग

शंका अगदीच चुकीची नाही, असे पेपर असतात आणि नंतर कोणीतरी ती नावं रद्द करतं, जुन्याच नावात ढकलतं, तो उद्योगही चालूच असतो. पण तुम्ही म्हणताय ते सात म्हणजे २०१७ चे नाइट फ्रॉग असतील तर ते उदाहरण चुकीचं घेतलंत. त्यातले चार इतके बारके की नाण्यावर बसतात, आणि ओढ्याकाठच्या पाचोळ्यात रातकिड्यासारखे आवाज काढत बसलेले. लोक किडाच समजून पुढं गेले असणार. केरळचा तो जांभळा, डुकरासारख्या नाकाचा बेडूक घ्या, नासिकाबॅट्राकस, चांगला मोठा, स्थानिक लोकांना माहीत असलेला, तरी शास्त्रात नाव लागायला २००३ उजाडलं, कारण वर्षातले थोडे दिवस सोडले तर तो जमिनीखालीच. तो नुसता नवीन जात नव्हता, त्याच्यासाठी कुळच नवीन काढावं लागलं. त्याला कोण म्हणणार तुकडा पाडला?

माजी_सैनिक_गडहिंग्लज

थंडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची पोस्टिंग उत्तर सिक्कीमला होती, उंची चार हजार मीटरच्या आसपास, तिथं ओढ्यात दगड उचलला की खाली मोठे काळपट टॅडपोल दिसायचे. पाणी असलं की हात घातला तर बोटं बधिर. आमच्यातल्या एकानं म्हटलं ही माशाची पिल्लं, मी म्हटलं नाही, पाय फुटलेत बघ. रात्री सगळं गोठायचं. हे मरत नाहीत का?

काचेची_बरणी

दादा, तुम्ही बघितले ते बहुतेक स्क्युटिगर, म्हणजे उंच डोंगरावरच्या बेडकांचा एक वंश, त्यातले असणार, सिक्कीमच्याच नावाचा एक आहे त्यात, स्क्युटिगर सिक्किमेन्सिस, एकोणिसाव्या शतकात नोंदवलेला. वाहता ओढा तळापर्यंत गोठत नाही, दगडाखाली पाणी राहतं आणि टॅडपोल तिथं हिवाळा काढतात. त्या थंडीत वाढ इतकी मंद की एका उन्हाळ्यात बेडूक होऊन बाहेर पडणं जमतच नाही, म्हणून एवढे मोठे दिसतात.

उंचीची हद्द याच्याही वर आहे. पेरूमध्ये अँडीजच्या एका रांगेत हिमनदी मागं हटल्यावर जी नवी डबकी तयार झाली त्यात ५२०० मीटरच्या वर बेडूक येऊन राहिलेले मिळालेत. आणि टिटिकाका सरोवर, ३८०० मीटर, तिथला पाण्यातच राहणारा बेडूक, अंगावर चामडीच्या घड्याच घड्या. हवा विरळ, पाण्यातही ऑक्सिजन कमी, आणि तो श्वास घेतो मुख्यतः कातडीतून, मग कातडी जेवढी जास्त तेवढा ऑक्सिजन जास्त.

आता पंचगंगाकाठ यांच्या आईंच्या प्रश्नावर येते, कारण मी काही वर्षं संग्रहालयात नमुन्यांचंच काम केलंय आणि हा प्रश्न मला माझ्या घरी पण पडलेला आहे. हो, बहुतेक वेळा मोजके बेडूक ठेवावे लागतात. आधी भूल देतात, ती एवढी की तो परत उठत नाही, तडफडत नाही. मग लगेच यकृताचा किंवा मांडीचा छोटा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकतात, हे फॉर्मालिनच्या आधी करायचं, कारण फॉर्मालिननं डीएनए खराब होतो. नंतर ट्रेमध्ये कापसावर नीट मांडायचं, बोटं पसरून, तोंड मिटवून, कारण फॉर्मालिनमध्ये जसा ठेवाल तसाच तो कडक होतो आणि पुढचे दीडशे वर्षं तसाच राहणार, बोटं मुडपलेली राहिली तर पुढचा प्रत्येक अभ्यासक तुम्हाला शिव्या देणार. पायाला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी, मग सत्तर टक्के अल्कोहोलची बरणी. केशरी-हिरवा सगळा रंग काही दिवसात उडतो, उरतो तपकिरी, म्हणून जिवंत असतानाच फोटो आणि रंगाची नोंद.

त्यातला एक होलोटाइप, म्हणजे ते नाव त्या एका देहाला बांधलेलं असतं. पुढं कधी वाद झाला तर सगळ्यांनी त्याच बरणीकडं यायचं. हे का लागतं त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये पश्चिम घाटातल्या कितीतरी बेडकांना नावं दिली, नमुने बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात होते, आणि ते हरवले. नावं राहिली, देह गेले. मग त्या नावाचा बेडूक नक्की कुठला यावर लोक पुढं कित्येक दशकं भांडत बसले, काही नावांचा गुंता अजून सुटलेला नाही. राओरचेस्टिस मधला ‘राओ’ म्हणजे तेच.

नुसत्या फोटोवर किंवा जिवंत सोडून दिलेल्या प्राण्यावर नाव देण्याला नियमात पूर्ण मनाई नाही, पण मी तरी बेडकांत त्याच्या बाजूची नाही. आईंना एवढं सांगा की आंबोली घाटात एका पावसाळी रात्री गाड्यांखाली जेवढे चिरडले जातात तेवढे कुठलाही अभ्यासक आख्ख्या आयुष्यात गोळा करत नाही. त्यांना पटणार नाही कदाचित, माझ्या सासूबाईंना पटलेलं नाही.

आजरा_घनसाळ

गाड्यांचं सोडा, त्या क्यामेरावाल्यांचं पण लिवा की. रातच्याला घाटात येत्यात, बेडूक उचलत्यात, हिरव्या पानावर नेऊन बसवत्यात, तोंडावर चारीकडनं लाइट. मग दुसरा ग्रुप येतो, तोच बेडूक, तेच पान. आणि फेसबुकला जागेसकट टाकत्यात. पुढच्या आठवड्यात आणि धा जण.

काचेची_बरणी

काका १०० टक्के सहमत. जागा कधीच टाकू नये, अभ्यासकसुद्धा नाजूक जातींच्या बाबतीत पेपरात नेमका बिंदू लिहिताना विचार करतात. अजून एक, बूट. कायट्रिड नावाची बुरशी आहे, बेडकांच्या कातडीला लागते, तिच्यामुळं मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात डोंगरावरच्या जातीच्या जाती संपल्या. पश्चिम घाटातही ती आढळलेली आहे. एका ओढ्यातला चिखल बुटाला लावून दुसऱ्या ओढ्यात जायचं नाही, घासून, जंतुनाशकानं धुऊन, वाळवून मगच. आणि उघड्या हातानं बेडूक उचलायचा नाही, दर बेडकाला नवीन पिशवी.

पंचगंगाकाठ

बाप रे, मी आपलं सहज विचारलं होतं. हे सगळं पुतणीला वाचायला दिलं, ती म्हणते काचेची_बरणी ताईंना माझा नमस्कार सांगा. आईला घाटातल्या गाड्यांचं सांगितलं, ती म्हणाली मग गाड्या बंद करा. आता बोला.

पुतणीचा एक प्रश्न आहे तिच्याच शब्दात टाकतो: “राधानगरी अभयारण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायचे असतील, नमुने नाही घ्यायचे, तरी परवानगी लागते का आणि अर्ज कोणाकडं करायचा? आणि खरंच काही वेगळं मिळालं तर पुढं काय?”

सडाफटिंग

लागते. अभयारण्यात रात्री शिरायचं म्हणजे नुसत्या रेकॉर्डिंगलासुद्धा वन खात्याचं लेखी पत्र हातात हवं, नाहीतर टॉर्च घेऊन फिरणारा माणूस गार्डच्या लेखी शिकारीच. आणि तिथं गवे आहेत, एकटीनं अजिबात नाही, खात्याचा माणूस किंवा गावातला वाटाड्या बरोबर असलाच पाहिजे. नमुने घ्यायचे झाले तर वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम १२ खाली परवानगी लागते, आणि तो अर्ज वर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडं जातो. अर्ज विद्यार्थ्याच्या नावानं एकटा करू नका, गाईडच्या सहीनं, विभागाच्या लेटरहेडवर, कामाची पद्धत दोन पानांत नीट लिहून. खालच्या ऑफिसात कागद पडून राहतो हा सगळ्यांचा अनुभव आहे, म्हणून दिवाळीनंतरच टाकायचा, म्हणजे जूनपर्यंत हातात येतो. मे महिन्यात अर्ज करून पावसाळा गेला म्हणून रडणारे ढिगानं बघितलेत.

वेगळं काही मिळालंच तर तोंड बंद ठेवायचं, व्हॉट्सॅप स्टेटसला टाकायचं नाही. आवाज, तापमान, तारीख, वेळ, उंची लिहून ठेवायची आणि पुढच्या पावसाळ्यात परत तिथंच जायचं. एका रात्रीच्या एका नरावर काही ठरत नाही. नंतर गटावर काम करणाऱ्या जुन्या माणसाशी बोलायचं. नमुना घेऊन नाव द्यायची वेळ आली तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं तो नेमून दिलेल्या संस्थेत जमा करणं सक्तीचं आहे, कॉलेजच्या कपाटात ठेवून चालत नाही. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात आकुर्डीचं झेडएसआय. ऑनलाइन जर्नलमध्ये छापणार असाल तर आधी झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करून तो नंबर पेपरात हवा, २०१२ पासूनचा नियम, तो राहिला की नाव धरतच नाहीत.

आणि काका, स्वतःचं नाव स्वतःच्या बेडकाला द्यायला नियमात बंदी नाही, पण कोणी देत नाही, लोक हसतात. पुतणीनं तुमचं दिलं तर चालतंय.